नऊ तारे आणि एक कुल्चा

आर्णी तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत 26 जानेवारीच्या पहाटे एक नाजूक काम चाललेलं असतं. सर तिरंग्याची घडी घालतात, केशरी पट्टा वरच येईल याची दोनदा खात्री करतात, घडीत फुलांच्या पाकळ्या भरतात आणि दोरीची सुरगाठ मारतात. गाठ जास्त आवळली तर पाहुण्यांनी दोरी ओढली तरी झेंडा उघडत नाही. सैल राहिली तर पाहुणे यायच्या आधीच पाकळ्या खाली. त्यामुळे गाठ मारून, ओढून, सोडवून, पुन्हा मारून पाहिली जाते. मग झेंडावंदन होतं आणि एखादी सातवीतली मुलगी भाषणात रंगांचे अर्थ सांगते. केशरी त्यागाचा, पांढरा शांतीचा, हिरवा समृद्धीचा, मधलं चक्र धर्माचं आणि गतीचं.

मुलीचं उत्तर बरोबर आहे. पण हे अर्थ कोणी ठरवले, कधी ठरवले, हा पुढचा प्रश्न शाळेत फारसा कोणी विचारत नाही. आणि तिथेच झेंड्याची खरी गोष्ट सुरू होते.

1921 मध्ये गांधीजींनी पुढे आणलेल्या स्वराज्याच्या झेंड्यात पांढरा पट्टा वर, हिरवा मध्ये आणि लाल खाली होता. त्यावर चरखा होता. तेव्हा सांगितलेला अर्थ सरळ होता : लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकी सगळ्यांचा. पुढच्या दहा वर्षांत या अर्थाचीच अडचण होऊ लागली. शिखांनी विचारलं, आमचा रंग कुठे? रंग वाटून द्यायचे म्हटले तर या देशात कापड पुरणारच नाही. 1931 मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. सरदार पटेल, नेहरू, मौलाना आझाद यांच्यासोबत तिच्यात आपले काकासाहेब कालेलकरही होते. समितीने तर संपूर्ण केशरी झेंडा सुचवला होता. तो स्वीकारला गेला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरला आणि या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, असं ठरावातच नमूद झालं. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्याचा आणि शांतीचा, हिरवा श्रद्धेचा आणि शौर्याचा. 22 जुलै 1947 रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी चक्र घेतलं आणि आजचा तिरंगा झाला. रंग जवळजवळ तेच राहिले, अर्थ मात्र माणसांनी एकत्र बसून, वाद घालून, जाणीवपूर्वक बदलला. या देशाने केलेल्या मोठ्या कामांपैकी हे एक आहे, आणि ते मुलांना सांगायला हवं.

झेंड्याचा अर्थ असा ठरवला जातो, हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते आपल्यापासून हजारो किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या बेटांवर. तिथले बहुतेक देश गेल्या साठ-पासष्ट वर्षांत स्वतंत्र झाले. त्यांना झेंडा वारशाने मिळाला नाही. कोरं कापड समोर घेऊन ‘आपण कोण’ हे लिहून काढावं लागलं.

नाउरूचं उदाहरण घ्या. हा देश आहे फक्त 21 चौरस किलोमीटरचा. जगाच्या नकाशावर तो टिंबाएवढाही दिसत नाही. 1968 मध्ये स्वतंत्र झाल्यावर त्याने काय केलं? निळ्या कापडावर मधोमध एक बारीक पिवळी आडवी रेघ ओढली आणि रेघेच्या खाली, डाव्या बाजूला, एक पांढरा तारा ठेवला. निळा म्हणजे महासागर. पिवळी रेघ म्हणजे विषुववृत्त. तारा म्हणजे खुद्द नाउरू, जे विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम 60 किलोमीटरवर आहे. झेंडा म्हणजे थेट पत्ताच! एखाद्या जहाजाच्या कप्तानाने पाहिला तर त्याला बेट शोधता यावं, इतका नेमका. ताऱ्याला 12 टोकं आहेत, बेटावरच्या 12 मूळ कुळांची. त्यांतली दोन कुळं आता उरलेली नाहीत. ताऱ्याची टोकं मात्र बाराच ठेवली आहेत. जी माणसं नाहीशी झाली त्यांची जागा झेंड्याने धरून ठेवली आहे.

मार्शल बेटांच्या ताऱ्याला 24 टोकं आहेत. आपल्या चक्राला आरेही 24च, पण दोन्हींचा काडीचा संबंध नाही. तिथली 24 टोकं म्हणजे देशाचे 24 प्रशासकीय विभाग. त्यांतली चार लांब आहेत, ती मुख्य वस्त्यांची, आणि त्यातून ख्रिस्ती क्रूसही सूचित होतो. ताऱ्याखालून तिरपे वर चढत जाणारे दोन पट्टे, एक नारिंगी आणि एक पांढरा, म्हणजे बेटांच्या दोन माळा. एका माळेच्या नावाचा अर्थ सूर्योदय, दुसरीच्या नावाचा सूर्यास्त. हा झेंडा तयार केला एमलेन काबुआ यांनी. त्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी. पापुआ न्यू गिनीची गोष्ट तर आणखी गोड आहे. तिथला नंदनपक्षी आणि दक्षिणेचा तारकासमूह असलेला झेंडा 1971 मध्ये सुसान कारिके नावाच्या 15 वर्षांच्या शाळकरी मुलीच्या चित्रावरून स्वीकारला गेला. आर्णीच्या एखाद्या शाळेतल्या दहावीतल्या मुलीने देशाचा झेंडा काढावा, तसं.

पलाऊ या देशाने तर निळ्या कापडावर फक्त एक पिवळा गोल ठेवला. पाहणाऱ्याला वाटतं सूर्य असेल. तो पौर्णिमेचा चंद्र आहे. पलाऊच्या लोकांची समजूत अशी की मासेमारी, पेरणी, कापणी, होडीसाठी झाड तोडणं, या सगळ्याला पौर्णिमेचा काळ उत्तम. पौर्णिमा-अमावास्या पाहून कामाला हात घालणारा वऱ्हाडी शेतकरी या झेंड्यापुढे उभा राहिला तर त्याला फार समजावून सांगावं लागणार नाही.

कापडावर एक गोल. एवढ्याशा चिन्हात किती वेगळे अर्थ मावतात ते पाहायचं असेल तर पॅसिफिकलाही जायला नको. आर्णीहून नांदेडच्या रस्त्याला लागायचं.

नागपूर ते तुळजापूर हा महामार्ग यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा उतरत पैनगंगा ओलांडतो आणि मराठवाड्यात शिरतो. आज पूल कधी आला हेही प्रवाशाला कळत नाही. पण कधीकाळी ही नदी दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे वऱ्हाड, ज्याचा कारभार 1853 पासून इंग्रजांकडे होता. पलीकडे निजामाचं राज्य. त्या राज्याच्या झेंड्यावर, पिवळ्या कापडाच्या मध्यभागी, एक पांढरा गोल होता. तो सूर्यही नव्हता आणि चंद्रही नव्हता. तो कुल्चा होता. भाकरीसारखा, रोटीसारखा खायचा कुल्चा. आख्यायिका अशी सांगतात की पहिल्या निजामाला एका सूफी संताने जेवायला बसवलं. त्याने सात कुल्चे खाल्ले आणि संत म्हणाले, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. निजाम सातच झाले. आख्यायिका किती खरी, हे ज्याने त्याने ठरवावं, पण एका राजघराण्याने आपल्या सत्तेची खूण म्हणून तलवार किंवा सिंह न घेता एका फकिराच्या घरची भाकरी मिरवली, ही कल्पना मोठी आहे.

त्याच कुल्च्याच्या झेंड्याखाली पुढे काय घडलं हेही विसरता येत नाही. 15 ऑगस्ट 1947 रोजी पैनगंगेच्या अलीकडे गावोगाव तिरंगा लागला. पलीकडे तो लावणं गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबाद संस्थानात तिरंगा फडकवण्याची हाक दिली होती. त्याच दिवशी त्यांना अटक झाली. नदीच्या एका काठावर ज्या कापडाला लोक हात जोडत होते, त्याच कापडापायी दुसऱ्या काठावरची माणसं तुरुंगात जात होती. हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं त्या 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हे चाललं. मराठवाड्यात 17 सप्टेंबरला आजही झेंडावंदन होतं. यवतमाळ जिल्ह्यातून नोकरीला नांदेडात गेलेल्या माणसाला पहिल्या वर्षी या सुट्टीचं नवल वाटतं, ते या इतिहासामुळे.

महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, नागपुरात, हीच लढाई पंचवीस वर्षं आधी लढली गेली होती. 1923 च्या मे महिन्यात तिथे झेंडा सत्याग्रह सुरू झाला. मागणी एवढीच होती की चरख्याचा झेंडा हातात घेऊन सिव्हिल लाइन्समधून, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतून, चालत जाऊ द्या. भाषण नाही, दगड नाही, फक्त चालणं. रोज एक तुकडी निघायची आणि रोज पकडली जायची. वर्ध्याचे जमनालाल बजाज पुढे होते. त्यांना अटक झाल्यावर सरदार पटेल येऊन उभे राहिले. देशभरातून स्वयंसेवक येत राहिले, हजाराहून अधिक लोक तुरुंगात गेले. अखेर 18 ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्याने, झेंड्यासह, निघाली. ज्यांनी त्या तुकड्यांमध्ये पाय टाकला त्यांनी रंगांचे अर्थ पाठ केले असतील-नसतील. झेंड्याला वजन आलं ते त्यांच्या चालण्याने.

मराठीत झेंड्यासाठी शब्दही किती आहेत! वारकऱ्याच्या खांद्यावर असते ती पताका. दर्ग्यावर असतं ते निशाण. मराठी फौजेचा होता तो जरीपटका, आणि त्या नावाची वस्ती नागपुरात अजून आहे. सरकारी पत्रकात तो ध्वज होतो. घराघरावर चढते ती गुढी. तिलाही काठी आहे आणि कापड आहे. 1758 मध्ये मराठे अटकेपर्यंत पोहोचले आणि ‘अटकेपार झेंडे’ भाषेत कायमचे रोवले गेले. एका वस्तूला इतके शब्द तेव्हाच येतात जेव्हा ती वस्तू लोकांच्या रोजच्या जगण्यात असते.

आर्णीत ती आहे. अरुणावतीच्या काठचं हे गाव बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यासाठी ओळखलं जातं. कंबलपोष म्हणजे घोंगडी पांघरलेला. तिथल्या यात्रेत नवस फेडायला सगळ्या धर्मांची माणसं येतात. तालुक्यातल्या बंजारा तांड्यांमध्ये शिरलं की पांढरा आणि लाल असे दोन झेंडे दिसतात. पांढरा सेवालाल महाराजांचा, लाल जगदंबेचा. या झेंड्यांची मोठी जागा म्हणजे पोहरादेवी. ती आता वाशिम जिल्ह्यात मोडते. रामनवमीच्या यात्रेला आर्णी, दिग्रस, पुसद भागातून गाड्या भरून लोक तिकडे जातात. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेल्या लमाण-बंजारा समाजाला पत्ता सांगायला गाव नव्हतं. त्याचं नातं सांगायला हे दोन रंग पुरले. नाउरूचा झेंडा सांगतो ‘मी इथे आहे’. तांड्यावरचा झेंडा सांगतो ‘मी यांचा आहे’. विदर्भातले झेंडे वाचताना हा फरक ध्यानात ठेवला की बरंच उलगडतं.

आणि निळा? नाउरूत, पलाऊत, तुवालूत, फिजीत निळा म्हणजे पाणी. यवतमाळ-नागपूरकडे निळा झेंडा म्हणजे बाबासाहेब. 14 एप्रिलला आर्णीच्या रस्त्यांवर तो दिसतो तेव्हा समुद्र कोणाच्याही मनात येत नाही. आभाळ येतं, कारण आभाळाखाली कोणी उंच-नीच नसतं, असं लोक सांगतात. त्याच्या शेजारी असतो पंचशील ध्वज : निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी असे उभे पट्टे आणि कडेला या पाचही रंगांचा मिळून सहावा. निळा करुणेचा, पिवळा मध्यम मार्गाचा, असे प्रत्येक पट्ट्याचे अर्थ विहारात लहान मुलंही सांगतात. फार थोड्यांना ठाऊक असतं की हा झेंडा मुळात बेटावरचा आहे. 28 एप्रिल 1885 च्या वैशाख पौर्णिमेला तो पहिल्यांदा लागला तो सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत. इंग्रजी अमलाखाली दबलेल्या तिथल्या बौद्धांनी तो आपली ओळख म्हणून उभारला. 1950 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेने तो सगळ्या जगासाठी स्वीकारला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला आणि समुद्रापलीकडच्या बेटावरचा हा झेंडा आर्णीच्या वस्तीत घरच्यासारखा नांदू लागला.

बेटावरच्या झेंड्यात आपण, असाही एक प्रकार आहे. फिजीच्या झेंड्यावर एक ढाल आहे. तिच्यात सिंह, नारळाचं झाड, केळीचा घड, कबुतर आणि उसाची कांडी. तो ऊस कोणी लावला? 1879 ते 1916 या काळात इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे 60 हजार मजूर फिजीला नेले, कराराने बांधून. ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचं त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं आणि ते स्वतः गिरमिटिया झाले. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे, काही तमिळ आणि तेलुगू मुलखातले. मळ्यातल्या हाल-अपेष्टांना सुमार नव्हता. त्यांचं नाव झेंड्यावर नाही, चेहरा नाही. त्यांनी लावलेला ऊस आहे. ऊसतोडीला दरवर्षी घर सोडणाऱ्या महाराष्ट्रातल्या माणसांना त्या कांडीचा अर्थ कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

फिजीच्या झेंड्याच्या कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅकही आहे. तो काढून नवा झेंडा करायचा, असं सरकारने 2015 मध्ये जाहीर केलं. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये फिजीने रग्बी सेव्हन्समध्ये देशाचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं, तेही अंतिम सामन्यात ब्रिटनला हरवून. लोक तोच जुना झेंडा घेऊन रस्त्यावर नाचले. आठवड्याभरात पंतप्रधानांनी झेंडा बदलण्याचा बेत सोडून दिला. टोंगाने तर हा प्रश्नच ठेवला नाही. 1875 च्या त्यांच्या घटनेत लिहून ठेवलं आहे की हा झेंडा कधीही बदलायचा नाही.

आपला तिरंगाही बदललेला नाही. कापड मात्र बदललं आहे, आणि कापसाच्या जिल्ह्यात राहून याबद्दल गप्प बसणं बरोबर नाही. राष्ट्रध्वज हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या कापडाचाच असावा, असा नियम वर्षानुवर्षं होता. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावरच्या व पॉलिस्टरच्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी ‘हर घर तिरंगा’ आलं आणि झेंडा घराघरात पोहोचला. त्याचा आनंदच आहे. पण आर्णीच्या शिवारात जानेवारीत कापूस वेचणाऱ्या बाईच्या दारावर पॉलिस्टरचा तिरंगा लागावा, यात काहीतरी हरवलं आहे. चरखा झेंड्यावर होता तो शोभेला नव्हता. हे कापड आपल्या लोकांच्या हातांनी झालं आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. याच महामार्गावर, नांदेडात, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आजही खादीचे राष्ट्रध्वज तयार करते. चक्र कापडाच्या दोन्ही बाजूंना एकमेकांवर तंतोतंत बसलं पाहिजे, शिलाई ठरलेल्या मापाची हवी, मापं 3:2 च्या प्रमाणात हवीत. एक सूतही इकडचं तिकडे चालत नाही. तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि शाळेने निदान एक झेंडा तिथून आणावा. खर्च थोडा जास्त येईल, पण तो करण्यासारखा आहे.

पॅसिफिकमध्ये झेंड्यापुढे आज याहून मोठा प्रश्न उभा आहे. किरिबासच्या झेंड्यावर लाल आकाशात समुद्रपक्षी उडतो आहे, खाली सूर्य उगवतो आहे, आणि त्याच्या खाली तीन पांढऱ्या लाटा आहेत. देशाच्या तीन द्वीपसमूहांसाठी तीन. झेंडा ठरला 1979 मध्ये, तेव्हा लाटा ही ओळख होती. आता समुद्राची पातळी वाढते आहे, बेटांचा बराचसा भाग पाण्यापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच आहे आणि विहिरींत खारं पाणी शिरतं आहे. किरिबासच्या सरकारने 2014 मध्ये फिजीत जमीन विकत घेऊन ठेवली.

तुवालूची स्थिती तशीच. लोकसंख्या सुमारे 10 हजार. एकट्या आर्णी शहरात त्याहून जास्त माणसं राहतात. या देशाच्या झेंड्यावर नऊ तारे आहेत, नऊ बेटांचे, आणि ते पूर्व दिशा वर धरून नकाशासारखे मांडलेले आहेत. तुवालू या नावाचा अर्थ मात्र ‘एकत्र उभे आठ’, कारण पूर्वी वस्ती आठच बेटांवर होती. 1990 च्या दशकात तिथल्या सरकारने झेंडा बदलून पाहिला. लोकांना तो आपला वाटला नाही आणि 1997 मध्ये नऊ ताऱ्यांचा झेंडा परत आला. 2023 मध्ये तुवालूने ऑस्ट्रेलियाशी करार केला. त्यानुसार वर्षाला 280 तुवालूवासी तिकडे कायमचे राहायला जाऊ शकतात.

धरणाच्या बुडीत क्षेत्रात गाव गेलेली माणसं यवतमाळ जिल्ह्यात पुष्कळ आहेत. नव्या जागी घरं बांधताना जुन्या गावचा मारुती सोबत न्यायचा, देऊळ उभारायचं आणि त्यावर पहिला झेंडा चढवायचा, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तुवालूने ते कायद्यात लिहिलं आहे. 2023 मध्येच त्यांनी घटना दुरुस्त केली आणि त्यात नोंदवलं की जमीन पाण्याखाली गेली तरी तुवालू हा देश कायम राहील. त्यांच्या झेंड्यावर तारे आजही नऊ आहेत.